वाळूचं वय

सिव्हिलच्या पोराने सेमिनारला भूकंप नाहीतर फ्लाय ॲश घ्यायची, अशी आमच्याकडे रीतच आहे. मी घेतलं वाळूचं वय. रूममेट म्हणाला, "वय काढून करणार काय, लग्न लावायचंय का तिचं?"

गंमत सोडा, पण विषय भारी आहे. क्वार्ट्‌झचा कण जमिनीत गाडला गेला की आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गामुळे त्याच्या स्फटिकातल्या दोषांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. ऊन लागलं की ते सुटतात, म्हणजे घड्याळ शून्यावर. म्हणून खड्ड्याच्या भिंतीत पोलादी पाइप ठोकून नमुना ऊन न लागू देता काढतात आणि तो लाल दिव्यात उघडतात. कणावर ठराविक प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपात बाहेर पडते. साठा १०० ग्रे आणि हजार वर्षांत २ ग्रे मिळत असतील, तर वय ५०,००० वर्षे. इतका सोपा भागाकार! ही प्रकाशाची पद्धत १९८५ साली आली. त्याआधी कण तापवून मोजत.

आता खरी मेख. उत्तर ऑस्ट्रेलियात जिन्मियम नावाचा खडकाचा आडोसा आहे. १९९६ मध्ये तिथली दगडी हत्यारं १,१६,००० वर्षांहून जुनी असल्याचं जाहीर झालं. तेव्हाच्या समजुतीच्या जवळजवळ दुप्पट! मोजणी तापवूनच केलेली, तीही पुष्कळ कणांची एकत्र. पण तिथला वालुकाश्म जमिनीतच कुजून सुटा होत होता. त्यातल्या काही कणांनी ऊन कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं घड्याळ शून्यावर आलंच नव्हतं, आणि त्यांनी सगळ्यांचं वय फुगवलं. १९९८ मध्ये एकेक कण सुटा मोजला तेव्हा वय १०,००० वर्षांच्या आत आलं. कोळशाच्या कार्बन तारखाही त्याला जुळल्या.

हे मी ऐटीत सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "आणि तू क्यूब टेस्टला काय करतोस रे?"

माझ्या जर्नलमध्ये एक क्यूब सरासरीपेक्षा २० टक्के कमी भरला होता. आयएस ४५६ प्रमाणे १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो नमुनाच बाद. मी तिघांची सरासरी काढून सही घेऊन मोकळा झालो होतो.

संध्याकाळी लॅबमधल्या काकांकडे गेलो. म्हणाले, "नवीन कास्ट कर, अठ्ठावीस दिवसांनी ये."