घरगुती चित्रमुद्रक : एका तासाला किती जागा?

अमेरिकेतील डिजिटल केबलवर ६ मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३.८८ कोटी बिट येऊ शकतात. घरी जुळवलेल्या चित्रमुद्रकात ट्यूनर हा पट्टा निवडतो. संगणक त्यातील हवा तो कार्यक्रम वेगळा काढून जसाच्या तसा हार्डडिस्कवर साठवतो.

समजा, कार्यक्रमाचा वेग सेकंदाला १.९४ कोटी बिट आहे. त्याला ३,६०० ने गुणा व ८ ने भागा. तासाला ८७३ कोटी बाइट जागा लागेल!

परंतु बिट कूटबद्ध असतील तर? २०१२ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने संपूर्ण डिजिटल केबलवर मूलभूत वाहिन्याही कूटबद्ध करण्यास परवानगी दिली. अशा वाहिन्यांपुढे नुसता ट्यूनर निरुपयोगी ठरतो. म्हणून जुळणीपूर्वी वाहिनी खुली आहे का, हे आधी तपासावे.