माग रिकामा, पण बीम कोणता?

'सर्व्हरलेस' म्हणजे सर्व्हरच नसलेलं काहीतरी, असं मी आधी समजत होतो. व्हायवाला तसं बोललो असतो तर संपलंच होतं! सर्व्हर असतातच, फक्त ते आपल्याला सांभाळावे लागत नाहीत. आपण छोटंसं फंक्शन लिहून द्यायचं. रिक्वेस्ट आली की ते चालतं आणि चाललं तेवढ्याचेच पैसे पडतात. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लॅम्डा' जाहीर केली आणि हा प्रकार सर्वांच्या तोंडी झाला.

पण कोणती रिक्वेस्ट कुठल्या मशीनवर पाठवायची? हे ठरवतो तो शेड्युलर. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट हाच. लॅबमधले पाच पीसी, प्रत्येकावर डॉकर आणि पुढे आमचा शेड्युलर. पहिला नियम अगदी पुस्तकी होता: ज्या मशीनवर सर्वात कमी काम, तिकडे पाठवा. काम समान वाटलं गेलं, पण उत्तरं रखडत येऊ लागली. डेमो आठवड्यावर आलेला आणि कारण काही सापडेना.

ते सापडलं घरी, भिवंडीत. बाबा यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. सहज विचारलं, "नवीन काम आलं की रिकाम्या लूमवर टाकता ना?" बाबा हसले. "अरे, लूम रिकामा असून काय उपयोग? त्यावर बीम कोणता चढलाय ते बघावं लागतं. तोच ताणा असेल तर लगेच सुरू. नाहीतर बीम उतरवा, दुसरा चढवा, एकेक धागा जोडा. त्यापेक्षा चालू लूमवर थोडं थांबलेलं परवडतं."

डोक्यात प्रकाश पडला! बीम बदलणं म्हणजेच आमचा 'कोल्ड स्टार्ट': नवा कंटेनर उभा करणं, त्यात कोड चढवणं. समजा, फंक्शनचं काम २०० मिलिसेकंदांचं आणि कोल्ड स्टार्ट २ सेकंदांचा. तयार कंटेनरसमोर पाच जण रांगेत असले तरी आपला नंबर एका सेकंदात लागतो. रिकाम्या मशीनवर मात्र दोन सेकंद नुसते तयारीतच जातात.

मग आम्ही आयबीएमने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या आणि पुढे अपाचेकडे गेलेल्या 'ओपनव्हिस्क'ची पद्धत घेतली:

१) फंक्शनच्या नावाचा हॅश काढून त्याला एक 'घरचं' मशीन ठरवून द्यायचं. रिक्वेस्ट आधी तिथेच जाते, त्यामुळे कंटेनर तयार मिळण्याची शक्यता वाढते.

२) प्रत्येक मशीनला मर्यादा ठेवायची. घर भरलं तर ठरावीक पावलं टाकत पुढच्या मशीनकडे जायचं.

३) पाऊल आणि मशीनची संख्या यांत १ सोडून सामाईक विभाजक नको. सहा मशीन आणि पाऊल २ असेल तर ०, २, ४, पुन्हा ०! विषम नंबरची मशीन बसूनच राहतात. पाच मशीन आणि पाऊल ३ असेल तर सगळ्यांकडे फेरी होते.

४) सगळीच भरली असतील तर चालू असलेल्यांपैकी कुठलंही एक निवडायचं.

दोन खड्डे सांगून ठेवतो. पहिल्यात आम्ही स्वतः पडलो. काम संपलं की मशीनचा आकडा कमी व्हायला हवा. आमच्या कोडमध्ये टाइमआउट झालेल्या रिक्वेस्टचा आकडा कमी होतच नव्हता. थोड्या वेळाने रिकामी मशीनही 'फुल्ल' दिसू लागली. दुसरा खड्डा म्हणजे साधा मॉड्युलो. पाचाची सहा मशीन केली की साधारण सहापैकी पाच फंक्शनचं घर बदलतं आणि सगळीकडे पुन्हा कोल्ड स्टार्ट. यावर उपाय 'कन्सिस्टंट हॅशिंग', एमआयटीच्या कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेला. तो आमच्याकडून राहिला. पुढच्या बॅचने जरूर करून बघावा.

डेमो झाला. सरांनी विचारलं, "लोड म्हणजे काय?" मी म्हणालो, "सर, फक्त किती काम आहे ते नाही, कोण कशासाठी तयार आहे तेसुद्धा." सर म्हणाले, "कुठल्या पुस्तकात वाचलंस?" खरं उत्तर दिलं, "बाबांनी सांगितलं."