बाळ पाच महिन्यांचं, आणि सराफ्यातली रात्र

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही दोघं इंदूरला, आजी-आजोबा कोल्हापूरला. बाळ ५ महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. लग्नाच्या वाढदिवसाला रात्री सराफ्यात जावंसं वाटतं. बाळाला न्यावं का?

उत्तर : तुम्ही जरूर जा, बाळाला मात्र नेऊ नका. सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर तिथे खाण्याचा बाजार भरतो. ती गर्दी, धूर, उकळत्या तेलाच्या कढया तान्ह्यासाठी नाहीत. बाळाच्या ओळखीच्या, विश्वासू शेजारच्या काकूंकडे आधी एखाद्या दुपारी तासभर ठेवून बघा.

काढलेलं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. बाहेर, २५ अंशांपर्यंत, ४ तास. ते उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये. भांडं गरम पाण्यात धरून कोमट करावं, स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावं. बाळाला उताणंच झोपवायचं, हे काकूंना आवर्जून सांगा. पालथं झोपवण्याची सवय अनेक घरांत अजून आहे.

आणि बाळाला सोडून गेल्याची टोचणी लावून घेऊ नका. माहेर-सासर लांब असताना तुम्ही दोघंच एकमेकांचा आधार आहात. भुट्ट्याचा कीस खात निवांत बोलणं ही चैन नव्हे. निघताना बाळाला पाजा आणि छाती दाटून येण्याआधी, तीनेक तासांत, परत या.