कंटेनर बंद पडला? उडवू नका, आधी बघा!



होस्टेलवर कुणाचा कंटेनर चालेना, की शेजारच्या रूममधून एकच सल्ला येतो - "उडव रे, नवीन बनव!" नवीन बनतो हे खरं. पण जुन्यातला डेटाबेस गेला की प्रोजेक्टही त्याच्याबरोबर जातो. शिवाय मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. म्हणून कंटेनर न उडवता दोष कसा शोधायचा ते पाहू.

आधी कंटेनर म्हणजे काय? व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. कंटेनर म्हणजे होस्टेलची रूम. दार वेगळं, कुलूप वेगळं, पण पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. ही टाकी म्हणजे मूळ मशीनचा लिनक्स कर्नल. थोडक्यात, कंटेनर हा वेगळा संगणक नसून भिंतीआड ठेवलेल्या प्रोसेस आहेत. भिंती 'नेमस्पेस' घालतात. कुणी किती मेमरी वापरायची ते 'सीग्रुप' ठरवतो. सीग्रुप २००८ च्या जानेवारीत कर्नल २.६.२४ मध्ये आले. त्यातला मेमरीवर लगाम ठेवणारा भाग त्याच वर्षी २.६.२५ मध्ये आला आणि तो लिहिण्यात आयबीएममधले आपले भारतीय अभियंते बलबीर सिंग आघाडीवर होते. एलएक्ससीसुद्धा २००८ चंच, डॉकर २०१३ चं.

आता समजा, आपला एक मित्र सुट्टीत एडवणला घरी गेलाय. त्याचा प्रोजेक्ट लॅबच्या मशीनवर एलएक्ससी कंटेनरमध्ये आहे. घरून त्याला लॅबच्या मशीनवर लॉगिन करता येतं, पण प्रोजेक्टचं पान उघडत नाही. त्याने क्रमाने चार प्रश्न विचारावेत.

१) चालू आहे का? पावसाळ्यात वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं, की कंटेनर आपोआप उठतोच असं नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'ऑटो स्टार्ट'ची किंमत १ करावी लागते. सुरूच होत नसेल तर तो फोरग्राउंडमध्ये, लॉगची पातळी 'डीबग' ठेवून चालवा. कुठे अडलं ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

२) कुणी मारला का? प्रोसेस १३७ कोड देऊन संपली असेल, तर १३७ म्हणजे १२८ अधिक ९. आणि ९ हा 'किल' सिग्नल. पुष्कळदा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे कर्नलनेच तो दिलेला असतो. कर्नलचा लॉग मूळ मशीनवर बघा, तिथे नोंद सापडेल. मग मर्यादा वाढवायची की प्रोग्राममधली गळती बुजवायची ते ठरवा.

३) नेटवर्क कुठे तुटलं? कंटेनरच्या आतून आधी ब्रिजला पिंग करा (उबुंटूवर एलएक्ससीच्या ब्रिजचा नेहमीचा पत्ता १०.०.३.१), मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, शेवटी नावाने. पहिल्यालाच अडलं तर दोष ब्रिजजवळ, दुसऱ्याला अडलं तर फॉरवर्डिंग किंवा फायरवॉलमध्ये, तिसऱ्याला अडलं तर डीएनएसमध्ये. त्याच मशीनवर कुणी डॉकर टाकलं असेल तर विशेष लक्ष द्या. डॉकर फॉरवर्डिंगचं मूळ धोरण 'ड्रॉप' करू शकतं आणि एलएक्ससीची वाट बंद होते. तिन्ही पिंग ठीक असूनही पान उघडत नसेल, तर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकत नाही ना ते पाहा. कंटेनरचा लोकलहोस्ट हा त्याच्या रूमपुरताच, बरं का!

४) परवानगी आहे का? अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमधला शून्य क्रमांकाचा रूट बाहेर साधारणपणे १००००० क्रमांकाचा साधा युजर असतो. म्हणून बाहेरून जोडलेल्या फोल्डरचा मालक आत 'नोबडी' दिसतो आणि लिहिता येत नाही. उपाय सोपा : फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला द्या. पण कंटाळून कंटेनरच 'प्रिव्हिलेज्ड' करू नका. मग आतला रूट तोच बाहेरचा रूट. एका रूमची किल्ली हरवली म्हणून सगळ्या होस्टेलची मास्टर की वाटण्यासारखंच ते!

इतकं करूनही नवीन बनवायची वेळ आलीच, तर कॉन्फिग, लॉग आणि डेटा आधी बाहेर कॉपी करून ठेवा. आणि काय सापडलं ते वहीत दोन ओळीत लिहा. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या नाही, तर शेजारच्या रूमच्या उपयोगी पडेल.