पूल, प्रणाली आणि देखभाल : आभासी हॅकेथॉनचे आयोजन

हुगळी नदीवरील हावडा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलादाचा हा पूल नट-बोल्टविना, केवळ रिव्हेटने जोडलेला आहे. मात्र उत्तम बांधणीमुळे देखभालीची गरज संपत नाही. ये-जा करणारे पान खाऊन थुंकत असल्याने पुलाच्या आधारांचे पोलादी तळ झिजू लागले आणि बंदर प्रशासनाला त्यांवर फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. वापर सर्वांचा, परंतु देखभाल कोणाची, हा सार्वजनिक वास्तूंचा जुना प्रश्न आहे. मुक्त स्रोत संगणकप्रणालींपुढेही आज तोच प्रश्न उभा आहे.

ग्राहकाचा संबंध काय?

ज्या प्रणालीची आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता व सुधारता येते, ती मुक्त स्रोत प्रणाली होय. ‘ओपन-एसएसएल’ ही अशीच एक प्रणाली. ग्राहकाचा परवलीचा शब्द आंतरजालावरून सांकेतिक रूपात पाठविण्यासाठी जगभरातील असंख्य संकेतस्थळे तिचा उपयोग करतात. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे सुमारे दोन वर्षे, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत असत आणि पूर्ण वेळ काम करणारी व्यक्ती एकच होती, ही बाब त्यानंतर जगासमोर आली. पुढे लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. तात्पर्य, सामान्य ठेवीदाराची सुरक्षितता काही अंशी अनोळखी स्वयंसेवकांच्या श्रमावर अवलंबून असते.

हॅकेथॉन म्हणजे काय?

या स्वयंसेवकांना साहाय्यक मिळवून देण्याचा एक मार्ग म्हणजे हॅकेथॉन. ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ या शब्दांपासून हे नाव तयार झाले. येथे ‘हॅक’ याचा अर्थ चोरी नव्हे, तर कौशल्याने केलेली संगणकीय रचना. जून १९९९ मध्ये ‘ओपन-बीएसडी’ या मुक्त प्रणालीचे दहा कार्यकर्ते कॅनडातील कॅलगरी येथे एकत्र जमले, तेव्हा हा शब्द वापरला गेला. कोविडच्या काळात असे उपक्रम मोठ्या प्रमाणावर आंतरजालावर आले. ऑगस्ट २०२० मध्ये ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची अंतिम फेरी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी दूरस्थ पद्धतीने पूर्ण केली. पुढील वर्षी भारतीय रिझर्व्ह बँकेने ‘हार्बिंजर २०२१’ हे जागतिक हॅकेथॉन जाहीर केले.

या स्पर्धांचा भर नव्या कल्पनांवर असतो. समाजोपयोगी मुक्त प्रकल्पाची गरज बहुधा वेगळी असते. तेथे नवा पूल नको, जुन्याची निगा हवी असते.

आयोजनाची पद्धत

१८५६ पासून अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा असलेली संस्था आज हावड्यातील शिबपूर येथे आहे. समजा, अशा परिसरातील विद्यार्थ्यांनी आणि पुण्या-मुंबईतील संगणक व्यावसायिकांनी मिळून दोन दिवसांचे आभासी हॅकेथॉन योजिले, तर पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. प्रथम प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांची संमती घ्यावी. कोणते काम हवे आहे, हे त्यांनीच सांगावे. दोन-तीन तासांत होतील अशा लहान कामांची यादी आधी तयार असावी.

२. आज्ञावली न लिहिणाऱ्यांनाही वाव द्यावा. बंगाली वा मराठी भाषांतर, माहितीपुस्तिका आणि चाचणी ही मोलाची कामे आहेत. रक्कम १,२३४,५६७ अशी न दिसता १२,३४,५६७ अशी दिसते का, हे बँकेचा कर्मचारी चटकन सांगू शकेल.

३. प्रणाली आपापल्या संगणकावर बसविण्यातच पहिला दिवस जाऊ शकतो. म्हणून आठवडाभर आधी त्यासाठी स्वतंत्र सत्र ठेवावे. ज्यांचे आंतरजाल मंद आहे, त्यांच्यासाठी लेखी सूचना द्याव्यात.

४. मार्गदर्शकांच्या पाळ्या ठरवाव्यात. अडलेल्या नवख्यास तासभर उत्तर मिळाले नाही, तर तो निमूटपणे निघून जातो आणि दूरस्थ उपक्रमात ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

५. सुरक्षिततेचा दोष आढळल्यास तो सर्वांसमोर न मांडता देखभालकर्त्यांना खाजगीरीत्या कळवावा.

संख्येचा मोह

‘हॅक्टोबरफेस्ट’ या दरवर्षी ऑक्टोबरात होणाऱ्या उपक्रमात ठरावीक संख्येने बदल सुचविणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये अनेकांनी केवळ त्यासाठी एखादा निरर्थक शब्द घालून बदल पाठविले. ते नाकारण्यातच देखभालकर्त्यांचा वेळ गेला. अखेर त्याच महिन्यात नियम बदलून केवळ स्वेच्छेने सहभागी होणारे प्रकल्पच त्यात घेण्यात आले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे असे बदल क्षणार्धात तयार होतात, म्हणून ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे. पारितोषिक पाठविलेल्या कामावर नव्हे, तर स्वीकारल्या गेलेल्या कामावर द्यावे.

मदतीची घाईही धोक्याची असते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रणालीत हेतुपुरस्सर घातलेली चोरवाट सापडली. थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास दोन वर्षे मदत करून संपादन केलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीचे ते कृत्य होते. नव्या सहभागीचे स्वागत जरूर करावे, परंतु किल्ल्या सोपविताना पारख करावी.

समारोपानंतर

खरे काम समारोपानंतर सुरू होते. अपुरी कामे कोणाकडे आहेत याची नोंद ठेवावी, महिनाभर साप्ताहिक भेटी घ्याव्यात आणि सहा महिन्यांनी किती जण टिकले ते पाहावे. कर्ज वितरणाने बँकेचे काम संपत नाही, पाठपुरावा करावाच लागतो, हे कर्मचारी जाणतातच. हॅकेथॉन ही एकरकमी देणगी नसून आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता आहे. पुढील हप्ते नियमित भरले गेले, तरच त्या ठेवीला अर्थ राहतो.