जुने इंजिन पुन्हा वाफ धरते तेव्हा

गोंदिया स्टेशनात एकेकाळी दोन मापांचे रूळ होते, ही गोष्ट आता तिथल्या मुलांना घरातल्या मोठ्या माणसांकडूनच ऐकावी लागते. बंगाल-नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात गोंदियापासून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग टाकला. सातपुड्याच्या डोंगरातून जायचे, तर अरुंद मार्गाला आखूड वळणे चालतात आणि खोदाई-भराईही कमी लागते. या मार्गांवर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली ‘सीसी’ वर्गाची वाफेची इंजिने धावत. गोंदिया-जबलपूर मार्ग आता रुंद झाला आहे. सीसी वर्गाचे एक इंजिन मात्र नागपुरात मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते. हे संग्रहालय 2002 साली उघडले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. सवड मिळेल तेव्हा अवश्य जावे.

संग्रहालयातले इंजिन पाहून पुष्कळ विद्यार्थी विचारतात, “सर, हे पुन्हा चालू करता येईल का?” येते, हे इतरांनी दाखवून दिले आहे. वेल्समधला टॅलिलिन हा छोटा लोहमार्ग 1951 पासून हौशी स्वयंसेवकांनी चालवला. आपल्याकडे 1855 साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ 1909 मध्ये निवृत्त झाले आणि 1997 मध्ये पुन्हा गाडी ओढू लागले. मग अडते कुठे? चाके, दांडे, दट्ट्या हे सारे डोळ्यांना दिसते. झिजलेला भाग काढता येतो, नवा घडवता येतो. खरा प्रश्न आहे बॉयलरचा. बाहेरून चकचकीत काळा रंग दिलेला बॉयलर आतून किती शाबूत आहे, हे रंग पाहून कळत नाही. माझ्या मते तर जुन्या इंजिनावर रंगाचे थर जितके जास्त, तितका संशय अधिक घ्यावा.

गंज कुठे धरतो ते पाहा. बॉयलरभोवती उष्णता राखणारे वेष्टन असते. त्यात पावसाचे पाणी मुरले की पत्रा गुपचूप खात राहते. पुढच्या धुराच्या पेटीत कोळशाची राख साठते. कोळशातल्या गंधकामुळे ओली राख आम्लधर्मी होते आणि पोलाद कुरतडते. आतल्या बाजूला जड पाण्यातल्या क्षारांची पुटे बसतात. म्हणून पहिले काम म्हणजे वेष्टन उतरवणे, आतल्या धूरनळ्या उपसून काढणे आणि खरवडणे. स्वयंसेवकांचे बहुतेक दिवस या खरवडण्यातच जातात!

नंतर पत्र्याची जाडी मोजतात. पत्रा न कापता ती कशी मोजणार? यासाठी आपल्याला ऐकू न येणारा, फार उच्च कंप्रतेचा ध्वनी वापरतात. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5900 मीटर असतो. 12 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ध्वनीला जाऊन येण्यास 24 मिलिमीटर अंतर कापावे लागते. त्यास लागतात सेकंदाचे सुमारे 4 दशलक्षांश. उत्तर 2 दशलक्षांश आले, तर पत्रा निम्माच उरला आहे असे समजावे.

निम्मा उरला तर काय बिघडले? हिशेब करू. समजा बॉयलरचा व्यास 100 सेंटिमीटर आणि आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला 11 किलोग्रॅम आहे. या नळकांड्याची 1 सेंटिमीटर रुंदीची कडी मनात घ्या. तिचे दोन अर्ध एकमेकांपासून दूर ढकलणारा जोर 11 × 100 = 1100 किलोग्रॅम. त्याला धरून ठेवतात दोन बाजूंचे पत्रे. जाडी 1.2 सेंटिमीटर असेल तर दोन्ही मिळून क्षेत्रफळ 2.4 चौरस सेंटिमीटर, आणि ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 460 किलोग्रॅम. साधे पोलाद 4000 च्या आसपास तुटते, म्हणजे आठपटीहून जास्त शक्ती हाताशी आहे. पत्रा निम्मा झाला की ही पट चारवर येते. त्यात जुने बॉयलर रिव्हेटांनी जोडलेले. रिव्हेटांच्या भोकांमुळे सांधा मूळ पत्र्यापेक्षा कमजोर असतो, तेव्हा पट आणखी घटते.

मागे असलेल्या भट्टीची गोष्ट वेगळी. तिच्या भिंती सपाट असतात, आणि दाबाखाली सपाट पत्रा फुगतो. म्हणून आतली व बाहेरची भिंत ‘स्टे’ नावाच्या शेकडो आखूड दांड्यांनी एकमेकींना बांधतात. दर 10 सेंटिमीटरवर एक दांडा धरला, तर प्रत्येकावर 1100 किलोग्रॅम भार आला. एक दांडा तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. तुटलेला दांडा ओळखण्याची युक्ती मला फार आवडते. दांड्यात टोकापासून एक बारीक भोक पाडून ठेवतात. दांड्याला चीर गेली की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपते आणि दांडा आपणहून चुगली करतो.

दुरुस्ती झाल्यावर दाबाची चाचणी. ही चाचणी थंड पाण्याने, बॉयलर काठोकाठ भरून, नेहमीच्या दीडपट दाबाला करतात. हवेने का नाही? पाणी दाबले जाते फारच थोडे. दर वातावरणदाबाला त्याचे आकारमान साधारण वीस हजारांश भागाने घटते. 2000 लिटर पाणी 16 वातावरणदाबाने दाबले तरी ते जेमतेम दीड लिटरने आकसते. पत्रा फाटलाच, तर तेवढे पाणी फुर्रकन येईल आणि दाब संपेल. हवा असती, तर तीच 2000 लिटर हवा सुटताना 30,000 लिटरहून जास्त जागा व्यापती, आणि फाटलेला पत्रा गोळ्यासारखा उडता.

वाफेवर असलेला बॉयलर फाटला तर याहून भयंकर. 11 किलोग्रॅम दाबाला पाणी सुमारे 188 अंश सेल्सियसला उकळते. दाब एकाएकी गेला की पाण्याला 100 अंशांवर उतरावे लागते. दर ग्रॅममागे सुमारे 90 कॅलरी उष्णता शिल्लक राहते. वाफ व्हायला लागतात 540. म्हणजे एक षष्ठांश पाणी क्षणात वाफ होते. एक टन पाण्यातून जवळजवळ 280 घनमीटर वाफ झाली. तुमचे दोन वर्ग भरतील एवढी! म्हणून थंड पाण्याच्या चाचणीत उतरल्याखेरीज भट्टीला काडी लावायची नाही.

काडी लागली तरी घाई चालत नाही. 4 मीटर लांबीचा पोलादी बॉयलर 160 अंशांनी तापला की पाऊण सेंटिमीटरहून जास्त लांबतो. यासाठी तो पुढच्या टोकाला चौकटीशी पक्का बांधतात आणि भट्टीकडचे टोक सरकते ठेवतात. आतली भट्टी तांब्याची असेल, तर ती पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरते. मोठा जाळ करून एक भाग आधी तापवला, तर सांधे गळू लागतात. थंड इंजिन लहान विस्तवावर कित्येक तास ठेवून सावकाश वाफेवर आणतात.

त्या सगळ्या वेळात एका माणसाचे लक्ष पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरून हलत नाही. भट्टीचे छत सतत पाण्याखाली हवे. ते उघडे पडले तर तापून मऊ होईल. त्या छतातच शिसे भरलेले एक बूच बसवलेले असते. शिसे 327 अंशांना वितळते. पाणी उतरले की बूच वितळून वाफ विस्तवावर सुटते. घरच्या प्रेशर कुकरच्या झाकणावरही शिटीखेरीज वितळणाऱ्या धातूची एक सुरक्षा-झडप असते. ती शोधून पाहा, पण कुकर थंड असताना.