दोन किलो वाढवून या

“वजन उतरलं ना? मग रडतोस कशाला?”

हा प्रश्न मला मामांनी विचारलाय, आत्यानं विचारलाय, ऑफिसातल्या मॅनेजरनं विचारलाय, आणि जिथं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरच्या माणसानंसुद्धा. उतरलं. ११८ किलोचा होतो, आज ८२ आहे. बार्शीच्या घराचा जिना एका दमात चढतो. हे मी कधीच नाकारलेलं नाही. पण रात्री आडवा झालो की घशाशी आंबट पाणी येतं. पाठीला उशा लावून बसल्या बसल्या झोपतो. आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी माझ्यापुढं दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला येऊन पडलाय. तेव्हा थोडं रडू द्या.

एक आधीच सांगतो, मी बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या सर्जरीच्या विरोधात नाही. ज्यांचं वजन खरोखर जिवावर उठलंय, ज्यांची साखर आटोक्यात येत नाही, झोपेत श्वास अडकतो, त्यांना या ऑपरेशननं नवं आयुष्य दिलेलं आहे. अनुभवी हातांत जिवाचा धोकाही फार थोडा. डाएट, जिम, आयुर्वेद, उपास हे सगळं करून मगच मी तिथं पोचलो होतो, त्यामुळं ‘शॉर्टकट मारलास’ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. माझी तक्रार आहे ती २३ वर्षांच्या पोराला हे ऑपरेशन ज्या पद्धतीनं विकलं जातं तिच्याबद्दल.

आमच्या घरात हे खूळ शिरलं ते मामांकडून. “गडकरींनी केलं, जेटलींनी केलं, तुला काय धाड भरलीय?” खरं आहे, गडकरींनी २०११ मध्ये केलं आणि जेटलींनी २०१४ मध्ये. पण गडकरी तेव्हा चोपन्न वर्षांचे होते, जेटली साठी ओलांडलेले. आपण विशीत करतो तेव्हा ते पोट घेऊन पुढं पन्नास वर्षं काढायची असतात, हा साधा हिशेब मामांना कुणी सांगितला नव्हता. तो सांगणं ज्यांचं काम होतं त्यांनी मला तरी कुठं सांगितला!

पुण्याचं हॉस्पिटल. मोफत तपासणी शिबिर. डॉक्टरांच्या आधी भेटतात त्या काउन्सेलर मॅडम. हातात टॅब, टॅबवर आधी-नंतरचे फोटो. काट्यावर उभं केलं, ११८. उंची १७३ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३९.४. मॅडमचा चेहरा एका मार्कानं फर्स्ट क्लास हुकल्यासारखा झाला. “अरेरे, चाळीसला थोडक्यात राहिलं!” मला काही कळेना. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाल्या, “असं करा ना, दोन किलो वाढवून या. पंधरा दिवस मनसोक्त खा. चाळीसच्या वर गेलं की कॅशलेसला प्रॉब्लेम येत नाही.”

पाचवीपासून ज्याला प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला ‘कमी कर रे बाबा’ ऐकावं लागलं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वाढवायला सांगत होतं, आणि तेही हॉस्पिटलात!

यामागचं गणित तुम्हालाही माहीत हवं. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च मिळायचा असेल तर वय किमान १८ हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ ते ४० च्या मधे असेल तर सोबत गंभीर आजार हवा: हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह. शिवाय साधे उपाय करून झालेले हवेत. सर्जनांच्या जागतिक संघटनांनी मात्र २०२२ मध्ये आपली रेषा खाली आणली. आजार नसला तरी ३५, आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार. म्हणजे वैद्यकीय नियमात मी बसत होतो, विम्याच्या नियमात बसत नव्हतो. या दोन रेषांच्या मधे जे जे सापडतात त्यांचं काय करायचं याची कला काही हॉस्पिटलांना चांगली अवगत आहे.

मी स्पष्ट सांगितलं, वजन वाढवणार नाही आणि खोटंही लिहायचं नाही. मॅडम हसल्या. “तुम्ही टेन्शन घेऊ नका हो, टीपीएचं आम्ही बघतो.” टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था. हे वाक्य कुणी तुम्हाला म्हणालं तर तिथल्या तिथं विचारा, काय बघता आणि कसं बघता? कागद दाखवा.

सर्जन भेटले ते चहा संपायच्या आत. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या, आई साक्षीला होती. एक, मला कॉलेजपासून ॲसिडिटी आहे आणि जवळजवळ रोज सकाळी पॅन्टोप्राझोलची गोळी घेतो. दोन, आमचं घर माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. ते “हं, हं” म्हणाले. स्लीव्ह करू म्हणाले.

स्लीव्हमध्ये पोटाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग, कधी त्याहूनही जास्त, कापून बाहेर काढतात. उरते एक अरुंद नळी. कापलेला भाग परत जोडता येत नाही. आणि नळी अरुंद असल्यामुळं आतला दाब वाढतो, आम्ल वर फेकलं जाऊ शकतं. ज्याला आधीपासून जळजळ आहे त्याची वाढू शकते, ज्याला नाही त्याला नव्यानं सुरू होऊ शकते. म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिका आणि हायटस हर्निया (पोटाचा वरचा भाग छातीत सरकणं) बघतात, आणि रिफ्लक्स, म्हणजे हे आम्ल वर येणं, जोरात असेल तर बऱ्याचदा पोटाच्याच दुसऱ्या ऑपरेशनचा, गॅस्ट्रिक बायपासचा, सल्ला देतात. बायपासचे आपले वेगळे ताप आहेत, पण निदान ही चर्चा तरी होते. माझ्याशी झाली नाही. एंडोस्कोपीही झाली नाही.

संमतीपत्र आलं आदल्या संध्याकाळी, हाताला सलाईनची सुई टोचल्यावर. इंग्रजी पानांचा गठ्ठा, जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं फुल्या. मी आयटीत आहे, इंग्रजी वाचता येतं मला. पण सिस्टर पानं उलटत होत्या त्या फक्त फुल्यांवरून.

ऑपरेशन ठीक झालं. काउन्सेलर मॅडमचे रोज सकाळी येणारे ‘सुप्रभात’चे मेसेज मात्र डिस्चार्जच्या दिवशी थांबले. आधी रात्री दहालाही उत्तर यायचं, नंतर निळ्या टिकांवर भागलं. डाएट चार्ट मिळाला त्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, चिकन सूप आणि ब्रोकोली. आईनं तो चार्ट देवघराच्या भिंतीपासून लांब, फ्रिजच्या मागं ठेवून दिला आणि मुगाचं कढण शिजवायला घेतलं. पुढं काय खायचं ते आम्ही दोघांनीच शोधून काढलं.

जळजळ पहिल्याच वर्षी सुरू झाली. “होतं असं, वाकू नका, उशिरा जेवू नका.” गोळ्यांचा डोस दुप्पट. शेवटी दुसऱ्या एका पोटविकारतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी एंडोस्कोपी केली. अन्ननलिका सोलवटलेली, वर हायटस हर्निया. त्यांनी विचारलं, “ऑपरेशनच्या आधीची एंडोस्कोपी बघू?” मी म्हटलं केलीच नाही. ते काही क्षण नुसते बघत राहिले. हर्निया आधीपासून होता की नंतर झाला, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण आधी बघितलंच नाही. हॉस्पिटलच्या हे पथ्यावरच पडलं.

मग मी माझे इनडोअर केस पेपर मागितले. आज या, उद्या या, साहेब नाहीत, रेकॉर्ड रूमची किल्ली नाही. नियम दाखवल्यावर झेरॉक्सचा गठ्ठा हातात पडला. समोरच्या रसवंतीत बसून चाळायला लागलो.

पहिल्या तपासणीच्या पानावर लिहिलं होतं, ‘रिफ्लक्स : नाही. नियमित औषधे : नाहीत.’ त्याच पानावर वजन १२१ किलो, बीएमआय ४०.४. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय. नाव माझंच. पानं उलटत भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीपर्यंत आलो. तारीख तीच. वजन ११८. ज्या माणसाला औषधाची मात्रा काढायची होती त्यानं खरं वजन लिहिलं होतं, आणि ज्या पानावरून पैसे यायचे होते तिथं मी तीन किलोंनी जाड होतो. रसवाला दोनदा विचारून गेला, आलं-लिंबू टाकू का म्हणून. ग्लास तसाच राहिला.

जाब विचारायला गेलो तेव्हा ऐकलेली वाक्यं अशी: “क्लेरिकल मिस्टेक असेल.” “तुमच्याच फायद्यासाठी ना? क्लेम पास झाला ना?” आणि सगळ्यात थंडपणे, “सही तुमचीच आहे.” वजनाची चूक कारकुनाची मानली, तरी ॲसिडिटी पुसणारा कारकून कोण, याला उत्तर नव्हतं. मी विमा कंपनीला सगळं लेखी कळवलंय, तक्रारही दिलीय. त्याचं जे व्हायचं ते होईल.

आता तुमच्यासाठी.

आधी एंडोस्कोपी. ‘गरज नाही’ म्हणाले तर का नाही ते केस पेपरवर लिहून मागा. छातीत जळजळ, करपट ढेकर, रोजची गोळी, जे असेल ते स्वतः कागदावर लिहून द्या आणि त्याचा फोटो ठेवा. तोंडी सांगितलेल्याला हॉस्पिटलात किंमत नसते.

कोणतं ऑपरेशन आणि तेच का, हे सर्जनच्या तोंडून ऐका, काउन्सेलरच्या नाही. दुसरं मत घ्या. सर्जनला विचारा, दोन वर्षांनी मला कोण बघणार, तुम्ही की तुमची अपॉइंटमेंट डेस्क?

शाकाहारी असाल तर प्रोटीनचा विचार ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगतात आणि सुरुवातीला पोटात चार चमचे मावतात. ताक, पनीर, मूग, सोया आणि वर व्हे पावडर असं करून मी ते गाठतो. घासाबरोबर पाणी नाही, अर्ध्या तासाच्या अंतरानं. पोळीचा मऊ भाग अडकतो, नीट चावलेली भाकरी मला जास्त सोसली. प्रत्येकाचं वेगळं. बी-१२, लोह, डी आणि कॅल्शियम जन्मभर, आणि दरवर्षी रक्ततपासणी. हा खर्च पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

घरी आल्यावर नाडी मोजायला शिका. पहिल्या काही दिवसांत ती पडल्या पडल्याही १२० च्या घरात धावत असेल, ताप असेल, पोट किंवा डावा खांदा दुखत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खात बसू नका, टाके गळत असू शकतात. आणि उलट्या दिवसचे दिवस थांबत नसतील तर थायमिन, म्हणजे बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. कुणी ग्लुकोजची बाटली लावायला लागलं तर आधी थायमिन दिलंय का ते विचारा. गावाकडच्या दवाखान्यात हे सांगायची वेळ आपल्यावरच येते.

मुलींनो, लग्नाच्या आधी उरकून टाकू म्हणणाऱ्यांना सांगा की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नसतात. पीसीओडी असेल तर वजन उतरताना पाळी सुधारते आणि दिवस अचानक जाऊ शकतात. सासरचे विचारतील तेव्हा उत्तर तयार हवं. केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. लोंबणारी कातडी मात्र राहते, आणि ती काढायला विमा सहसा पैसे देत नाही.

२०२५ पासून आपल्याकडंही मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं आली आहेत. मी त्यांचं गुणगान करत नाही. बंद केली की वजन परत चढतं आणि खर्चही भरपूर. पण ती थांबवता येतात. तेव्हा हा पर्याय मला नव्हता, तुम्हाला आहे, तेवढं डॉक्टरांना विचारा.

चालायला जा, झोप पुरी घ्या वगैरे तुम्हाला माहीत आहे.

आणि कागद. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणं रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात, आणि ती निदान तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. तेव्हा डिस्चार्ज समरीवर समाधान मानू नका. ऑपरेशन सुखरूप झालं असलं, तुमची काही तक्रार नसली, तरीही पूर्ण इनडोअर केस पेपर मागा. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या.